पाट आणि बिदागी

कोलकात्याच्या दक्षिण अंगाला, हुगळीच्या काठी, खिदिरपूर नावाची जुनी वस्ती आहे. बंगाली वाङ्मयाच्या अभ्यासकाला ती मायकेल मधुसूदन दत्तांच्या बालपणामुळे ठाऊक असते, तर व्यापाऱ्याला आणि खलाशाला ती गोदीमुळे ठाऊक असते. आजची गोदी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधली गेली. परंतु अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच या काठावर सागवानी जहाजे आकाराला येत होती. खिदिरपूर हे नाव काहीजण तेथील प्रसिद्ध जहाजबांधे जेम्स किड यांच्याशी जोडतात, तर काहीजण जलमार्गाच्या प्रवाशांचा पाठीराखा मानल्या गेलेल्या ख्वाजा खिज्र यांच्याशी. नावाचा तो वाद बाजूला ठेवू. या वस्तीच्या निमित्ताने मला आज आपल्याशी एका वेगळ्याच गोष्टीविषयी बोलायचे आहे. कारागिरी जाणणारा नवा माणूस जाणत्यांच्या मंडळात येतो, तेव्हा त्याचे स्वागत कसे होते, त्याच्या कामाची ओळख कशी ठेवली जाते, आणि तसे न झाले तर काय गमावले जाते, ही ती गोष्ट.

आपल्या भाषेत मान देण्याचे दोन प्रकार दोन साध्या शब्दांत सांगितलेले आहेत. कीर्तनकार येतो, गवई येतो, त्याची कला आपण ऐकतो, माना डोलावतो आणि निघताना त्याच्या हाती बिदागी ठेवतो. बिदागी देणे हे सज्जनपणाचेच लक्षण आहे. परंतु ती निरोपाच्या वेळी दिली जाते, हे विसरता कामा नये. दुसरा प्रकार पाटाचा. पाहुणा आला की त्याच्यासाठी पंगतीत पाट मांडतात. पाटावर बसलेला माणूस त्या घटकेपुरता घरचा होतो. तो वाढपाच्या चुका काढू शकतो, आणखी मागू शकतो, शेजाऱ्याशी वाद घालू शकतो. विद्येच्या आणि तंत्राच्या जगातही हे दोन्ही मान चालत आलेले आहेत. बक्षीस, पदक, शाल हे बिदागीच्या जातीचे. आणि सभासदत्व, सभेतले स्थान, चर्चेतला वाटा हे पाटाच्या जातीचे. या दोहोंमधला भेद वरवर किरकोळ दिसतो. एकोणिसाव्या शतकातल्या काही माणसांच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे तो किती खोल आहे, हे कळून येते.

खिदिरपूरच्या जेम्स किड यांच्यापासूनच प्रारंभ करू. त्यांचे वडील बंगालच्या सैन्यातील इंग्रज इंजिनियर अधिकारी होते. आई हिंदी होती. १७९१ साली ईस्ट इंडिया कंपनीने असा नियम केला होता की, ज्याच्या आईबापांपैकी एकजण हिंदी असेल त्याला कंपनीच्या मुलकी, लष्करी वा आरमारी सेवेतील अधिकाराच्या जागा मिळू नयेत. इंग्लंडात शिक्षण घेऊन १८०० च्या सुमारास परतलेल्या या तरुणाला वडिलांचा मार्ग अशा रीतीने बंदच होता. त्याने हातोडी आणि रंधा जवळ केला. कंपनीच्या जहाजबांधे वॉडेल यांच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली, आणि १८०७ मध्ये वॉडेल निवृत्त झाल्यावर किडबंधूंनी खिदिरपूरची गोदी आपल्याकडे घेतली. जेम्स पुढे कंपनीचे मुख्य जहाजबांधे झाले. १८१८ साली ‘हेस्टिंग्ज’ हे ७४ तोफांचे लढाऊ जहाज त्यांच्या गोदीतून पाण्यात उतरले आणि पुढे ते ब्रिटिश आरमाराने विकत घेतले. जन्माच्या नियमाने अडवलेल्या माणसाला कामाने असा मार्ग करून दिला.

याच गोदीत १२ जुलै १८२३ रोजी ‘डायना’ नावाची आगबोट पाण्यात सोडण्यात आली. वाफेच्या बळावर, वाऱ्याची वाट न पाहता आणि प्रवाहाविरुद्ध चालणारी ही नौका हुगळीच्या लोकांना चमत्कारासारखी वाटली असल्यास नवल नाही. पहिल्या ब्रह्मी युद्धात, म्हणजे १८२४ ते १८२६ या काळात, तिने इरावती नदीत कामगिरी बजावली आणि पूर्वेकडील युद्धात वाफेचा उपयोग काय असतो, ते साऱ्या जगाला दाखवले. इतिहासात ‘डायना’चे नाव आहे, तिला युद्धावर नेणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे आहेत, किडचे नाव आहे. मात्र तिचा सांगाडा जोडणारे सुतार, तिच्या फटी काथ्याने आणि डांबराने बुजवणारे कारागीर, इंजिनाच्या बैठकीचे लोखंड ठोकणारे लोहार यांच्यापैकी कोणाचेही नाव आपल्यासमोर नाही. त्यांना मजुरी मिळाली, आणि मजुरीबरोबर हिशेब संपला.

त्या काळच्या कोलकात्यात विद्वानांची मंडळे नव्हती असे नाही. १७८४ साली सर विल्यम जोन्स यांनी एशियाटिक सोसायटी स्थापिली. आशियातील मनुष्य आणि निसर्ग यांविषयी जे जे जाणण्याजोगे आहे, त्या सर्वांचा शोध घेण्याचे तिने ठरवले होते. तिच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’ या ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडात अली इब्राहिम खान आणि गोवर्धन कौल या हिंदी विद्वानांचे लेखन छापले गेले. परंतु स्थापनेपासून पहिली पंचेचाळीस वर्षे एकही हिंदी मनुष्य या संस्थेचा सभासद नव्हता. लेखाला खंडात जागा होती. लेखकाला सभेत खुर्ची नव्हती. १८२९ मध्ये, संस्कृतचे पंडित होरेस हेमन विल्सन यांच्या पुढाकाराने, हे दार प्रथम उघडले. द्वारकानाथ ठाकूर आणि रामकमल सेन हे त्या वेळी आत आलेल्यांपैकी होत. एकदा दार उघडले म्हणजे पुढे काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. राजेंद्रलाल मित्र हे प्राच्यविद्येचे गाढे संशोधक याच संस्थेत वाढले आणि १८८५ साली ते तिचे पहिले हिंदी अध्यक्ष झाले.

दुसरे एक मंडळ या बाबतीत अधिक उदार होते. श्रीरामपूरचे मिशनरी विल्यम कॅरी यांनी १८२० मध्ये शेती आणि बागाईत यांच्या सुधारणेसाठी कोलकात्यात एक संस्था काढली. हिंदी गृहस्थांना युरोपियनांच्या बरोबरीने सभासद होता आले पाहिजे, असा त्यांचा प्रारंभापासूनच आग्रह होता. राधाकांत देवांसारखे प्रतिष्ठित लोक तिच्यात सामील झाले. या उदार संस्थेच्या बैठकीत १८२८ च्या जानेवारी महिन्यात जे घडले, ते आजच्या माझ्या भाषणाचा गाभा आहे.

श्रीरामपूर हे हुगळीच्या पश्चिम तीरावर. तेथे मिशनच्या कागदाच्या कारखान्यासाठी १८२० साली इंग्लंडातील बोल्टन गावाहून बारा अश्वशक्तीचे एक वाफेचे इंजिन आणवण्यात आले होते. हे ‘आगीचे यंत्र’ पाहण्यासाठी आसपासच्या गावांतून लोकांची रीघ लागे. नदीच्या पलीकडच्या तीरावर टिटागढ हे गाव आहे, आणि तेथे गोलकचंद्र नावाचा एक लोहार होता. इतरांनी ते यंत्र पाहिले आणि तोंडात बोट घातले. गोलकचंद्राने ते पाहिले आणि तसेच दुसरे घडवले. कोणाही युरोपियन कारागिराचे साहाय्य न घेता त्याने केलेले ते इंजिन संस्थेच्या वार्षिक प्रदर्शनात मांडण्यात आले.

या कामाची अवघडता थोडी लक्षात घ्यावी. वाफेच्या इंजिनात जी शक्ती निर्माण होते, ती सिलिंडरात पुढेमागे सरकणाऱ्या दट्ट्यातून बाहेर येते. सिलिंडराचे पोट आणि दट्ट्याची कड यांमध्ये किंचित फट राहिली की वाफ निसटते आणि यंत्र दुबळे होते. फट मुळीच ठेवली नाही, तर दट्ट्या अडकून बसतो. खुद्द जेम्स वॉट यांचे इंजिन कित्येक वर्षे याच अडचणीपायी रखडले होते. जॉन विल्किन्सन यांनी तोफांच्या नळ्या कोरण्याचे अचूक यंत्र बनवले आणि त्यावर सिलिंडर कोरून दिले, तेव्हा कोठे वॉट यांची सुटका झाली. झडपा योग्य क्षणी उघडल्या आणि मिटल्या पाहिजेत, बॉयलरचे सांधे दाबाखाली टिकले पाहिजेत, हे आणखी निराळेच. गावच्या भट्टीवर, भात्याच्या आणि कानशीच्या आधाराने, आराखडे किंवा पुस्तके यांची भाषा न जाणता, केवळ डोळ्यांनी पाहून ज्याने हे सर्व ताडले, त्याच्या बुद्धीची कल्पना आपण करू शकतो.

संस्थेने काय केले? तिने नमूद केले की ही वस्तू संस्थेच्या कार्यक्षेत्रात वस्तुतः बसत नाही, तरी एतद्देशीय कौशल्याचा आणि अनुकरणशक्तीचा हा लक्षणीय नमुना असल्यामुळे त्याला उत्तेजन मिळणे योग्य होय. गोलकचंद्राला पन्नास रुपयांचे बक्षीस देण्यात आले. त्या काळी लोहाराच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हती, आणि देणाऱ्यांच्या मनात दुष्टावाही नव्हता. किंबहुना, शेतीच्या प्रदर्शनात इंजिनाला जागा देण्याचे औदार्य त्यांनी दाखवले. परंतु पन्नास रुपयांच्या त्या नोंदीनंतर गोलकचंद्र इतिहासातून जवळजवळ नाहीसा होतो. त्याला कोणी विचारले नाही की, बाबा रे, सिलिंडर तू कशाने कोरलास? दट्ट्याला वेष्टन कशाचे घातलेस? दुसरे इंजिन करायचे ठरवलेस तर याहून वेगळे काय करशील? हे प्रश्न विचारले गेले असते, तर त्याची उत्तरे लिहून ठेवावी लागली असती, आणि ज्याची उत्तरे लिहून ठेवली जातात तो कारागीर राहूनही जाणत्यांच्या मंडळात गणला जातो. पन्नास रुपये ही त्याची बिदागी होती. पाट कोणी मांडलाच नाही.

आता याच्या शेजारी वॉट यांचीच गोष्ट ठेवून पाहा. १७५७ च्या सुमारास तरुण वॉट ग्लासगोमध्ये मापनयंत्रे बनवण्याचे दुकान काढायला निघाले. गावातल्या कारागिरांच्या संघाने त्यांना अडवले, कारण त्यांनी सात वर्षांची रीतसर उमेदवारी पुरी केलेली नव्हती. तेव्हा ग्लासगो विद्यापीठाने आपल्या आवारातच त्यांना कार्यशाळा मांडायला खोली दिली. उष्णतेचे शास्त्र मांडणारे प्राध्यापक जोसेफ ब्लॅक त्या खोलीत येऊन बसत, बोलत, वाद घालत. पुढे विद्यापीठाकडचे न्यूकोमेन इंजिनाचे एक नमुन्याचे यंत्र वॉट यांच्याकडे दुरुस्तीला आले, आणि त्याच दुरुस्तीतून वाफ निराळ्या पात्रात थंड करण्याची ती युगप्रवर्तक कल्पना निघाली. वॉट यांची प्रतिभा कोणी त्यांना बहाल केली नव्हती. ती त्यांचीच होती. तथापि त्या प्रतिभेला एक खोली, एक प्रश्न विचारणारा मित्र आणि दुरुस्तीला म्हणून एक बिघडलेले यंत्र मिळाले. टिटागढच्या लोहाराला यांतले काही मिळते तर बंगालच्या यंत्रविद्येचा इतिहास काय झाला असता, हा प्रश्न मनाला चुटपुट लावून जातो.

पूर्वेकडील या किनाऱ्यावरून आपण आता पश्चिमेकडे, आपल्या मुंबईकडे येऊ. कारण खिदिरपूरला जे किड होते, तेच मुंबईच्या गोदीला वाडिया होते. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी हे पारशी कारागीर सुरतेहून मुंबईला आले, आणि त्यांच्या घराण्यात मुख्य जहाजबांध्याचे पद पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालले. १८१७ साली मुंबईत बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही पाण्यावर तरंगते आहे. कंपनी या वाडियांना शाली आणि चांदीची फूटपट्टी देऊन गौरवीत असे. कारागिराच्या हातातले मापच चांदीचे करून त्याला द्यावे, ही कल्पना सुंदर खरीच. पण ती पट्टी लाकूड मोजायच्या उपयोगाची नव्हती. ती पेटीत ठेवायची होती. याच घराण्यातील जमशेटजी बमनजी यांच्याविषयी एक कथा सांगितली जाते. १८०० साली पुऱ्या होणाऱ्या एका जहाजाच्या आतल्या तुळईवर, कोणाच्या सहज नजरेस पडणार नाही अशा जागी, त्यांनी म्हणे कोरून ठेवले होते की हे जहाज एका काळ्या माणसाने बांधलेले आहे, आणि ‘काळ्या’ या शब्दाआड त्यांनी गोऱ्या साहेबांच्या तोंडची शिवीही जशीच्या तशी घातली होती. कित्येक वर्षांनी जहाज दुरुस्तीला गेले तेव्हा ती अक्षरे सापडली. शाल आणि पट्टी मिळालेल्या माणसालाही आपले नाव असे चोरून कोरावेसे वाटावे, यातच बिदागीच्या मर्यादा दिसून येतात.

जमशेटजींच्या नंतरच्या पिढीत अर्देशीर करसेटजी वाडिया जन्माला आले. साल १८०८. गोदीत लहान वयातच ते कामाला लागले. परंतु त्यांचे मन सागवानापेक्षा वाफेकडे ओढ घेत होते. लाकडी जहाजांचा काळ संपत आला आहे, हे त्यांनी वेळीच ओळखले. विहिरीचे पाणी उपसण्यासाठी त्यांनी एक अश्वशक्तीचे छोटे इंजिन स्वतः तयार केले. पुढे इंग्लंडहून आगबोटीचे इंजिन मागवून ते साठ टनांच्या ‘इंडस’ नावाच्या नौकेत स्वतःच्या देखरेखीखाली बसवले. १८३४ साली माझगावातील आपल्या बंगल्यात आणि बागेत त्यांनी गॅसचे दिवे लावले. मुंबईकरांनी असा उजेड त्यापूर्वी पाहिला नव्हता. इथपर्यंत त्यांची गोष्ट आणि गोलकचंद्राची गोष्ट बरीचशी सारखी आहे, फरक एवढाच की एकाच्या पाठीशी घराणे आणि पैसा होता, आणि दुसऱ्याच्या पाठीशी केवळ भट्टी.

खरा फरक यानंतर पडला. १८३९ मध्ये अर्देशीर इंग्लंडला गेले. तेथे त्यांनी गोद्या आणि यंत्रशाळा पाहिल्या, इंजिनियरांच्या सभांना हजेरी लावली, त्यांच्याशी समोरासमोर बसून आपल्या अडचणी बोलून दाखवल्या. या प्रवासाची त्यांची दैनंदिनी १८४० साली लंडनला प्रसिद्ध झाली. आणि २७ मे १८४१ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपला सदस्य म्हणून निवडले. न्यूटन ज्या संस्थेचे अध्यक्ष होते, तिच्यात बसणारा हा पहिला हिंदी मनुष्य. त्यांच्या निवडीच्या शिफारशीत काय लिहिले होते, ते मुद्दाम लक्षात घ्यावे. नौकाबांधणीचे शास्त्र आणि व्यवहार या दोहोंतले त्यांचे ज्ञान, मुंबईत आणलेला गॅसचा उजेड, आणि स्वतः बांधून वाफेवर चालवलेली नौका, ही तीन कामे तेथे नावनिशीवार मांडली होती. ‘एतद्देशीयांच्या अनुकरणशक्तीचा नमुना’ अशी भाषा तेथे नाही. माणसाने काय केले ते नेमके सांगितले, आणि मग त्याला आपल्यात बसा म्हटले.

हा सन्मान घरी मात्र सगळ्यांना रुचला नाही. त्याच १८४१ साली कंपनीने अर्देशीर यांना मुंबईच्या आगबोटींच्या कारखान्यात मुख्य इंजिनियर आणि यंत्रांचे निरीक्षक नेमले. कितीही हुशार आणि सुशिक्षित असला, तरी एक एतद्देशीय मनुष्य इंग्रज कामगारांचा ताफा कसा हाकणार, अशी शंका मुंबईतल्या ‘बॉम्बे टाइम्स’ पत्राने उघडपणे बोलून दाखवली. एका बाजूला लंडनची ती विद्वत्सभा, आणि दुसऱ्या बाजूला आपल्या गावातले वर्तमानपत्र! अर्देशीर यांनी वाद घातला नाही, कारखाना चालवला, आणि १८५७ पर्यंत त्या पदावर काम केले. मध्यंतरी १८४९ साली ते अमेरिकेलाही जाऊन आले आणि तेथून लाकूड कापण्याची यंत्रे घेऊन आले. निवृत्तीनंतर ते इंग्लंडात रिचमंड येथे राहिले आणि १८७७ मध्ये वारले. आपल्या टपाल खात्याने १९६९ साली त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्यांच्यानंतर रॉयल सोसायटीत बसणारा दुसरा हिंदी मनुष्य म्हणजे श्रीनिवास रामानुजन, साल १९१८. मधली ७७ वर्षे तो पाट रिकामा राहिला, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

येथे कोणी म्हणेल की, ही मोठ्या माणसांची आणि मोठ्या संस्थांची गोष्ट झाली. साध्या मंडळीने, चार उत्साही माणसांच्या सभेने, यातून काय घ्यावे? याचे उत्तर पुन्हा कोलकात्यातच मिळते. १८७६ साली डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी बहुबाजारात विज्ञानाच्या अभ्यासासाठी एक संस्था काढली. हिंदी लोकांनी, हिंदी लोकांच्या पैशाने, स्वतः प्रयोग करावेत, ही तिच्यामागची इच्छा. इमारत झाली, उपकरणे आली, व्याख्यानेही होत. परंतु प्रयोग करायला माणूस काही मिळेना. संस्थापक ही खंत उरी ठेवूनच गेले. १९०७ मध्ये हिशेब खात्यात नोकरीला आलेला एक दाक्षिणात्य तरुण या इमारतीवरची पाटी पाहून आत शिरला. दार उघडले ते आशुतोष डे नावाच्या साहाय्यकाने. त्यांनी त्याला संस्थेचे चिटणीस अमृतलाल सरकार यांच्याकडे नेले. हा तरुण नोकरीच्या वेळेआधी सकाळी आणि नोकरी सुटल्यावर रात्री येथे काम करू इच्छितो, हे ऐकताच अमृतलालांनी प्रयोगशाळा त्याच्या स्वाधीन केली. पदवी किती वर्षांची, शिफारस कोणाची, असे प्रश्न मध्ये आले नाहीत. तो तरुण म्हणजे चंद्रशेखर वेंकट रामन. गोलकचंद्राला पन्नास रुपये मिळाले त्याला बरोबर शंभर वर्षे होत असताना, १९२८ च्या फेब्रुवारीत, याच इमारतीत त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिणामाचा शोध लागला.

रामन यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. मला येथे दार उघडणाऱ्या आशुबाबूंविषयी अधिक बोलावेसे वाटते. त्यांनी कॉलेजचे तोंड पाहिलेले नव्हते. ते रामन यांच्या प्रयोगांना हातभार लावत, उपकरणे जुळवत, मोजमापे घेत. अशा साहाय्यकाच्या वाट्याला बहुधा निबंधाच्या शेवटी आभाराची एक ओळ येते. रामन यांनी तसे केले नाही. आशुतोष डे यांनी केलेल्या कामाचा निबंध रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात डे यांच्या एकट्याच्या नावाने छापला गेला, आणि रामन यांनी त्याला फक्त प्रस्तावना जोडली. ज्याचे काम त्याचे नाव! विद्यापीठाची पायरी न चढलेला मनुष्य त्या पानांवर लेखक म्हणून उभा राहिला. यासाठी पैसा लागला नाही, पदक पाडावे लागले नाही, समारंभ करावा लागला नाही. फक्त नाव जेथे असायला हवे तेथे लिहिले गेले.

आपल्याकडेही हा पाट मांडण्याची रीत काही मंडळांनी घालून दिलेली आहे. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी साहित्य आणि शास्त्र यांची एक सभा स्थापन केली. तिच्या मराठी आणि गुजराती शाखा ज्ञानप्रसारक म्हणून ओळखल्या गेल्या, आणि मराठी शाखेची धुरा दादोबा पांडुरंगांनी वाहिली. विद्यार्थी तेथे आपापल्या भाषेत निबंध वाचत आणि वडीलधारी मंडळी त्यांवर चर्चा करीत. कालच ज्याने पुस्तक उघडले, त्याला आज व्यासपीठावर उभे राहून बोलण्याचा अधिकार असे, आणि त्याच्या चुका काढण्याची जबाबदारी जाणत्यांवर असे. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेनेही विज्ञान हे सामान्य मराठी माणसाच्या बोलण्याचा विषय व्हावे, हाच हेतू ठेवला. या प्रयत्नांच्या मुळाशी एक ओळखीचे तत्त्व आहे. नवा माणूस अजून पुरता शिकलेला नाही, म्हणून त्याला दाराशी थांबवायचे नाही. तो शिकेल तो आत आल्यानंतरच.

चर्चामंडळाची खरी कसोटी त्याच्या अध्यक्षांच्या भाषणांवर होत नाही, ती नवागताच्या पहिल्या प्रश्नावर होते. एखादा कारखान्यातला फिटर, एखादा तालुक्याच्या गावी पंप दुरुस्त करणारा मुलगा, एखादी शाळेतली शिक्षिका सभेत येऊन भीत भीत काही विचारते. तिच्या प्रश्नाला हसू आले, किंवा ‘हे तर सर्वांना माहीत आहे’ असे उत्तर मिळाले, तर ती पुन्हा येत नाही, आणि तिला ठाऊक असलेले जे आपल्याला ठाऊक नाही, तेही तिच्याबरोबर परत जाते. उलट तिचे नाव विचारले, काय करून पाहिले ते विचारले, आणि पुढच्या बैठकीत तिची युक्ती तिच्या नावानिशी सांगितली, तर मंडळाला एक सभासद मिळतो. वर्षाखेरीस सत्कार करावेत, शाली द्याव्यात. त्याला माझा विरोध नाही. पण ज्याला शाल दिली, त्याला पुढच्या महिन्यात एखाद्या अवघड प्रश्नावर सल्ला विचारला जातो का, हे पाहावे. विचारला जात नसेल, तर ती शाल म्हणजे निरोपच समजावा.

आजच्या काळात हे अधिकच खरे झाले आहे. पूर्वी अर्देशीर यांना इंजिनियरांच्या सभेत बसण्यासाठी समुद्र ओलांडून जावे लागले. आज सातासमुद्रांपलीकडच्या जाणत्याशी क्षणात बोलता येते. अंतर राहिलेले नाही. परंतु माणसाला आत घेण्याची वृत्ती तारेबरोबर किंवा लहरीबरोबर आपोआप येत नाही. ती पूर्वी जितकी दुर्मिळ होती, जवळजवळ तितकीच आजही आहे, आणि पूर्वी जशी एका माणसाच्या मनाच्या मोठेपणाने उघडत असे, तशीच आजही उघडते.

खिदिरपूरच्या लगत गार्डन रीच येथे १८८४ पासून जहाजांचे काम चालू आहे. १९६० साली तो कारखाना आणि मुंबईचा माझगाव डॉक हे दोन्ही सरकारने आपल्याकडे घेतले. स्वतंत्र भारतात बांधलेली पहिली लढाऊ नौका ‘अजय’ १९६१ मध्ये गार्डन रीचमधूनच बाहेर पडली. किडच्या आणि वाडियांच्या किनाऱ्यांवर आज पुन्हा जहाजे उभी राहत आहेत. त्यांच्या पोलादी पत्र्यांचे सांधे जोडणारे, त्यांच्या इंजिनांच्या बैठका बसवणारे हजारो हात आपल्या आसपास आहेत, आणि त्या हातांच्या मागे कोठे ना कोठे गोलकचंद्राचे डोळे आहेत. त्यांच्यासाठी आपल्या सभांमधून, संस्थांमधून, कारखान्यांच्या चर्चांमधून पाट मांडलेला असावा. जहाजाच्या पोटात, अंधारात, आपले नाव चोरून कोरण्याची पाळी त्यांच्यापैकी कोणावरही पुन्हा येऊ नये.